ओटीत आलेली चावी

गोड आठवणी लिहा, असं अंकाच्या संपादकांनी मला फोनवर दोनदा बजावलं. गोड आठवणी ज्यांच्याकडे असतील त्यांनी लिहाव्यात. माझ्याकडे कपाटात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक हार्ड डिस्क आहे आणि तिच्यावर नजर गेली की अजून माझं डोकं फिरतं. तिच्यात दोन बायकांच्या मुठी आहेत. हात त्यांचे, चित्रं मी काढलेली, आणि आज आमच्यापैकी कुणालाच ती उघडता येत नाहीत.

माझा धंदा आरेखकाचा. म्हणजे वस्तू लोखंडात उतरायच्या आधी ती कागदावर मापात काढून देणारा माणूस. नव्वदच्या दशकात वसमतकडच्या एका साखर कारखान्यात मी हेच काम केलं. उभा बोर्ड, मोठी पट्टी, आणि टोक काढून काढून करंगळीएवढी उरलेली पेन्सिल. एखादं भोक अर्धा सूत सरकवायचं ठरलं की अख्खा कागद पुन्हा काढायचा. तोवर साहेब चहा पिऊन यायचे आणि दारातूनच विचारायचे, "झालं का?"

पुढं आखाडा बाळापूरला सार्वजनिक कार्यशाळा निघाली आणि मी तिथं शिकवायला लागलो. मूळच्या ह्याच भागातल्या, पण परदेशात स्थायिक झालेल्या एका गृहस्थांनी कम्प्युटर, पत्रा कापायचं मशीन आणि चित्रं काढायचं सॉफ्टवेअर असं सगळं गावाला दिलं. शेतकरी असो, मेंढरंवाला असो, शाळेतली पोरगी असो, कुणीही यावं, आपली अडचण सांगावी, स्वतः बसून चित्र काढावं, मशीनवर कापावं आणि वस्तू घेऊन घरी जावं. कल्पना इतकी चांगली होती की आजही तिला नावं ठेववत नाहीत. ज्यांनी तिची माती केली त्यांना मात्र मी मनसोक्त नावं ठेवणार आहे.

सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे मी बाजाराच्या दिवशी डोकावणाऱ्या लोकांना असं सांगायचो : हा कितीही खोडला तरी न फाटणारा कागद आहे. ह्यावर डबा काढा, उभा करा, आडवा करा, आत शिरून बघा. एक माप बदललं की त्याला जोडलेली बाकीची मापं आपोआप बदलतात. मनासारखं जमलं की शेजारचं मशीन तीच रेघ पत्र्यावर कापून देतं.

कनेरगाव नाक्याचा एक ढाबेवाला पाटी करून घ्यायला आला होता. पाटी पडद्यावर काढून दाखवली, तर म्हणतो, "सर, आता ह्याच्यात एक ट्रक सोडा. डायवर बिरेक मारतो का न्हाई, बघून सांगा."

मी पोट धरून हसलो. पण त्या माणसाला सॉफ्टवेअर कशासाठी असतं ते पहिल्याच दिवशी बराबर कळलं होतं. करायच्या आधी बघून घ्यायचं, एवढंच तर आहे ते. आमच्या कार्यशाळेच्या अध्यक्षांना तेवढंही शेवटपर्यंत कळलं नाही.

चुका काय व्हायच्या, तेही सांगतो. आमच्याकडचे मिस्त्री इंचात आणि सुतात बोलतात. आठ सुतांचा एक इंच. "दोन-पाच" म्हणजे दोन इंच पाच सूत. नवा शिकणारा हमखास पडद्यावर दोन, टिंब, पाच असं टाकायचा. ते झाले अडीच इंच, आणि वस्तू एक सूत कमी यायची. आमचे वेल्डर गफूरभाई ती वस्तू हातात फिरवून म्हणायचे, "सर, ये भी दशमान में गया." शेवटी मी भिंतीवर कोळशानं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं, 'सूत दहा नसतात.' अध्यक्षांनी ते पाहुणे येणार म्हणून चुना मारून पुसून टाकलं आणि तिथं स्वतःचा फोटो लावला. त्या आठवड्यात पुन्हा सगळ्या बिजागऱ्या एक सूत कमी!

आता ह्या अध्यक्षांबद्दल. माणूस गोड बोलणारा, पांढऱ्या कपड्यांचा, गावात वजन असलेला. कार्यशाळेत यायचा तो जीपवर लावायची पत्र्याची अक्षरं कापून घ्यायला. त्याच्या वाढदिवसाच्या कमानी, त्याच्या पुढाऱ्याच्या स्वागताच्या कमानी, मेव्हण्याच्या गाडीवरचा वाघ. लांबच्या खेड्यातून एसटीनं आलेला माणूस तण काढायचं कोळपं घेऊन ओट्यावर ताटकळतोय आणि आत दोन तास वाघाच्या मिशा कापणं चाललंय, हे मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. बोललो तर म्हणायचे, "सर, तुम्ही नोकर माणूस. संस्थेला हवा लागते."

पण वाघापेक्षा वाईट गोष्ट चावीची होती. ह्या सॉफ्टवेअरला खरोखरीची चावी होती. काडेपेटीएवढा प्लॅस्टिकचा ठोकळा, एका बाजूला टाचण्यांसारख्या पिना, दुसऱ्या बाजूला बारीक भोकं. कम्प्युटरच्या मागच्या खाचेत तो ठोकळा बसवला तरच सॉफ्टवेअर उघडायचं. काढून घेतला की आपणच काढलेलं चित्र आपल्याला दिसायचं नाही. बनवणाऱ्या कंपनीनं सॉफ्टवेअरची चोरी होऊ नये म्हणून ही शक्कल काढलेली. म्हणजे आम्ही चोर आहोत हे त्यांनी आधीच धरलेलं!

कंपनीकडून उद्घाटनाला आलेल्या माणसानं भाषणात सांगितलं की कम्प्युटर बिघडला तर दुसरा मिळेल, ही चावी हरवली तर दुसरी मिळायची नाही. अध्यक्षांनी अख्ख्या भाषणातलं तेवढंच ऐकलं. त्या संध्याकाळपासून ते चावी उपसून खिशात घालून घरी न्यायला लागले. सकाळी त्यांची आंघोळ, पूजा, पेपर, भेटायला आलेली माणसं सगळं उरकलं की चावी यायची. ते हिंगोलीला बैठकीला गेले की चावीही बैठकीला. गॅसची टाकी बगलेत मारून गावाला जायचं आणि घरी स्वयंपाक का झाला नाही म्हणून विचारायचं, तशातली गत.

अशात चंद्राबाई आल्या.

तालुक्यातल्याच एका खेड्यातल्या. पन्नाशीच्या आतबाहेर, उंच, आवाज खणखणीत. उजवा हात पदराखाली. त्यांच्या मुठीचं नाव मी आधीच ऐकून होतो. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो : तिफणीनं पेरताना तिफणीला एक लाकडी वाटी बांधलेली असते, तिला चाडं म्हणतात. चाड्याला तीन भोकं, खाली तीन नळ्या, जमिनीत तीन ओळी. गडी बैल हाकतो आणि बाई मागून चालत मुठीतून चाड्यात बी सोडते. मूठ चुकली तर कुठं दाटी, कुठं मोकळं रान, आणि ते पीक उगवल्यावर चार महिने रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. चंद्राबाईंनी पेरलेलं रान लोक थांबून बघायचे. शेजारच्या गावांतून पेरणीला त्यांना बोलावणं यायचं.

मळणीयंत्रात त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली होती.

"दवाखान्यात म्हणले, जीव वाचला," त्या म्हणाल्या. "व्हय, वाचला. पर डाव्या हातानं धरून बघितली सर, ढिगानं पडून राहिलं बी. सून पेरती आता. चांगली हाय पोरगी, पर दाणा दाटला की हिकडं बांधावरनं मी वरडत ऱ्हाते. लोकं म्हणत्यात, आता आराम करा. मी काय म्हातारी झाले व्हय? मला माझी मूठ करून द्या."

"करून देतो" म्हणायला माझी जीभ कचरली. पण म्हणालो.

टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही हरभरा ओतला. चंद्राबाई उरलेल्या बोटांनी आणि तोंडानं सांगायच्या, मी काढायचो. मूठ म्हणजे सारखी धार सोडणं, अशी माझी समजूत होती. तसं नव्हतं. बैल चढाला मंदावले की मूठ आवळायची, उताराला सैल करायची, वळणावर बंद. शेवटी ठरलं ते असं : चाड्याच्या तळाशी पत्र्याची एक चकती, तिच्या कडेला खाचा. मनगटानं दांडा हलवला की चकती सरकते आणि खाचेत बसलेले दाणे तिन्ही नळ्यांत पडतात. जोरात हलवा, जास्त बी, थांबा, बंद. मूठ त्यांचीच राहणार होती, फक्त बोटांचं काम पत्रा करणार होता.

पडद्यावर ती चकती फिरवून दाखवली तेव्हा चंद्राबाई खुर्ची ओढून अगदी नाक लावून बसल्या. "ही कडंची खाच डाव्या नळीला जास्त देऊन राहिली," त्यांनीच दाखवलं. कापून बघितलं तर खरंच तसं. खाच बदल, काप, हरभरा ओत, बघ. असं करत करत एकच दुरुस्ती उरली, शेवटची. खाचेच्या कडा गोल करायच्या होत्या, कारण दाणा अडकून फुटत होता. गफूरभाईंनी कानशीनं हातानं घासून बघितलं, पण एक खाच दुसरीसारखी येईना आणि तिन्ही ओळी तीन तऱ्हेच्या. ते काम मशीनचंच होतं. तेवढ्यात नवरात्र आलं.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. विळा, कुऱ्हाड, नांगर, शिलाईमशीन, सगळं धुऊन पुसून हळदीकुंकू. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, दसरा झाला की उचलायचं. मला ही चाल आवडते. कार्यशाळेत आम्हीही मशीनला झेंडूची माळ घातली. पण अध्यक्षांनी चावी घरी नेली, चांदीच्या ताटलीत तलवारीशेजारी ठेवली आणि तिला तेल लावून हळदीकुंकू वाहिलं! भोकांत! आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते विधानसभेच्या तिकिटासाठी मुंबईला निघून गेले. जाताना घरात सांगून गेले, "मी येईपर्यंत देवघरातल्या त्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही."

इकडं शेवटचा पाऊस होऊन गेलेला. हरभरा पेरायचा तो जमिनीत ओल आहे तोवर. ओल कुणाच्या तिकिटासाठी थांबत नाही. चंद्राबाईंचे मालक रोज पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ फोडून बघत होते. शेजाऱ्यांच्या तिफणी चालू झाल्या. सुनेनं विचारलं, "आत्याबाई, मी धरू का?" आणि चंद्राबाई म्हणाल्या, "थांब."

मी अध्यक्षांच्या घरी गेलो. दोनदा गेलो. दारातल्या गड्यानं आत निरोप नेला आणि बाहेर निरोप आणला, साहेब घरी नाहीत. साहेब नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून तर मी आलो होतो! मुंबईला फोन लावला तर साहेब बैठकीत. कार्यशाळा चालवणाऱ्या समितीच्या बाकीच्या सभासदांकडं गेलो. एक म्हणाला, पूजेतली वस्तू आहे सर, आपण काय बोलणार. दुसरा म्हणाला, एका बाईसाठी एवढी घाई काहून? मी त्याच्या ओट्यावर उभा राहून असा ओरडलो की त्याचं कुत्रं पळालं. पण ओरडून चावी येत नाही.

चंद्राबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी माझी मूठ त्यांच्या देवघरात अडकली म्हणा की."

"तसंच."

"त्या घरात बाईमाणूस हाय का?"

अध्यक्षांच्या पत्नी, इंदुवहिनी. वीस-बावीस वर्षं ह्या गावात, पण मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या घरातल्या बायका बाहेर दिसत नसत.

पुढचं मी पाहिलं नाही, चंद्राबाईंनी सांगितलं ते लिहितो. त्या नवं लुगडं नेसून दुपारी त्या घरी गेल्या. गड्याला म्हणाल्या, आत सांग, सवाष्ण आलीय. सवाष्णीला दारातून कोण परत पाठवणार? इंदुवहिनींनी पाट मांडला, हळदीकुंकू लावलं आणि ओटी भरायला गहू, सुपारी, नारळ, खण घेऊन आल्या. चंद्राबाईंनी पदर पसरला, आणि तो बोटं गेलेला हात त्यांनी कार्यशाळेबाहेर पहिल्यांदाच कुणासमोर उघडा केला.

"मालकीण, गहू घाला, बाकी नारळ नको, खण नको. ते देवापुढं ठेवलंय त्ये घाला. माझी पेरणी अडलीय."

वहिनींनी विचारलं, त्या ठोकळ्याचा आणि पेरणीचा काय संबंध. चंद्राबाईंनी सांगितलं. वहिनींनी एकदा त्या हाताकडं बघितलं. मग उठल्या, देवघरात गेल्या आणि चावी आणून गव्हावर ठेवली. एवढंच म्हणाल्या, "माझ्या देव्हाऱ्यात तसंही तिचं काय काम होतं."

चंद्राबाई कार्यशाळेत आल्या तेव्हा मी ओट्यावर बसून समितीला सणसणीत राजीनामा लिहीत होतो. त्यांनी टेबलावर पदराची गाठ सोडली. गहू, सुपारी, आणि मध्ये चावी.

"धरा सर. गहू माझे, चावी तुमची."

मी राजीनामा बाजूला सारला. चावी घेऊन कम्प्युटरच्या मागं बसवली, तर पडद्यावर आलं, चावी सापडत नाही. पुन्हा बसवली, पुन्हा तेच! बघतो तर भोकांत तेलाकुंकवाचा लगदा. गफूरभाईंनी चष्मा लावला. "सर, इसकी नाक में कुंकू गया है, साँस कैसे लेगा बेचारा?" दाढीच्या ब्रशचे केस आणि स्पिरिट घेऊन त्यांनी एकेक भोक कोरलं, फुंकलं, पुसलं. बसवली. सॉफ्टवेअर उघडलं. चकती पडद्यावर आली आणि चंद्राबाई म्हणाल्या, "ही बघा माझी मूठ," आणि त्याच क्षणी वीज गेली. भारनियमन! त्या दिवशी मी तोंडातून काढलेले शब्द अंकात छापता येणार नाहीत.

वीज आली तशी कडा गोल केल्या, कापल्या, गफूरभाईंनी दांडा जोडला. दुसऱ्या सकाळी आम्ही त्यांच्या शेतावर गेलो. चंद्राबाईंनी तिफणीला नमस्कार केला, मनगट दांड्यावर ठेवलं आणि मालकांना म्हणाल्या, "हाका." तिन्ही नळ्यांतून दाणे पडायचा आवाज सुरू झाला. वळणावर त्या थांबल्या, आवाज थांबला. पुन्हा चालल्या, पुन्हा सुरू. सून बांधावर उभी होती, ती रडायला लागली. चंद्राबाई तिच्यावर खेकसल्या, "रडती काय, बियाचं पोतं आण."

अध्यक्ष तिकीट न मिळता परत आले. आधीच जळफळलेले, त्यात चावी जागेवर नाही. लगेच समितीची बैठक बोलावली, उघड्या ओट्यावर, म्हणजे माझी चारचौघांत शोभा व्हावी. चंद्राबाईही येऊन बसल्या.

"देवघरातून वस्तू चोरीला जाते, ह्याला काय म्हणायचं? सरांनी उत्तर द्यावं," अध्यक्ष म्हणाले.

मी तोंड उघडायच्या आत चंद्राबाई उभ्या राहिल्या. "चोरी काहून म्हणता? मला ओटीत मिळाली. तुमच्या घरच्या लक्ष्मीनं घातली. ओटीत घातलेलं तुमच्या घरात माघारी मागत्यात व्हय?"

कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी माना खाली घातल्या. अध्यक्षांनी खिशातून रुमाल काढला, पुन्हा खिशात घातला. त्यांनी हो म्हटलं असतं तर गावभर नाचक्की झाली असती, आणि नाही म्हटलं तर चावी चंद्राबाईंची.

"माझी हाय ना?" चंद्राबाई म्हणाल्या. "मग ती हितंच ऱ्हाईल." गफूरभाईंनी त्याच दिवशी लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा करून चावीसकट कम्प्युटरची मागची बाजू टेबलाला ठोकून टाकली. ती पुन्हा कुणाच्या खिशात गेली नाही. मला वाटतं कार्यशाळा खऱ्या अर्थानं त्या दिवशी उघडली. पुढं दोन वर्षं तिथं जे काम झालं, त्यावर एक अख्खा अंक निघेल.

हरभरा वीतभर उगवला तेव्हा एका दुपारी इंदुवहिनी कार्यशाळेत आल्या. एकट्या, चालत; कोण ते गफूरभाईंनी माझ्या कानात सांगितलं. मी गडबडून खुर्ची पुसायला लागलो.

"त्या बाईंची मूठ बघायची होती," त्या म्हणाल्या.

मी चित्र उघडलं, चकती फिरवून दाखवली. त्या बघत राहिल्या. मग त्यांनी बांगड्या मागं सारल्या आणि टेबलावर हात धरून मूठ हळूहळू सोडली, जणू खाली चाडं आहे. वळण आलं असावं, कारण मध्येच मूठ बंद झाली.

"माहेरी मीच धरायचे," त्या म्हणाल्या. "हितं आल्यावर न्हाई. ह्यांच्या घरातल्या बायका रानात जात न्हाईत." थोडं थांबून म्हणाल्या, "माझी बी काढता येती का?"

गफूरभाईंनी न सांगता हरभऱ्याचा डबा आणला. आम्ही वर्तमानपत्र पसरलं. वहिनींची मूठ चंद्राबाईंपेक्षा लहान, धार बारीक, आणि सोडताना त्या श्वास धरायच्या. सगळं मापून काढलं, त्यांच्या नावानं ठेवलं. त्याचं काही बनवायचं नव्हतं. त्यांनी ते पडद्यावर फिरताना बघितलं, डोळ्यांना पदर लावला आणि गेल्या.

आता कार्यशाळा नाही. पुढच्या समितीनं मशीनं भंगारात काढली, मी भांडून ही हार्ड डिस्क तेवढी घरी आणली. चंद्राबाईंची चकती लोखंडाची होती म्हणून टिकली, सून वापरते. वहिनींची मूठ मात्र फक्त ह्या डिस्कमध्ये आहे. चावीही माझ्याकडं आहे, पण नव्या कम्प्युटरला ती बसायची खाचच नसते. त्या कंपनीकडं चौकशी केली तर म्हणतात, ते जुनं सॉफ्टवेअर आम्ही बंद केलं, नवं घ्या; आणि नव्यात जुनी चित्रं उघडत नाहीत. अरे, चित्र माझं, मूठ त्या बाईची, मग कुलूप तुमचं कशासाठी? अध्यक्षांनी निदान हळदीकुंकू तरी वाहिलं होतं!

अध्यक्ष वारले, त्यालाही बरीच वर्षं झाली. इंदुवहिनी बाजारात भेटतात. प्रत्येक वेळी एकच विचारतात, "सर, माझी हाय न्हवं अजून?"

मी म्हणतो, "आहे, वहिनी."

"बघायला येईन एकदा," त्या म्हणतात, आणि मी घरी येऊन ते फडकं सोडतो, डिस्क बघतो, पुन्हा बांधून ठेवतो.